पंचमीचा चंद्र आणि १ जून

आमच्या देवळाली प्रवरेत १ जूनला माझ्या वयाची माणसे एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना दिसली, की नवख्याला नवल वाटते. एवढी माणसे एकाच दिवशी कशी जन्मली? उत्तर सोपे आहे. पूर्वी जन्मतारीख लिहून ठेवण्याची पद्धत घरोघर नव्हती. शाळेत नाव घालायला नेले, की गुरुजी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. हात कानाला पोचला, की मूल शाळेजोगे झाले आणि दाखल्यावर १ जून पडला! माझे तसेच झाले. पुढे नोकरीतून निवृत्तही झालो तो बरोबरीच्या अनेकांसारखा ३१ मेलाच.

२०२५च्या उन्हाळ्यात माझ्या पाच वर्षांच्या नातीने ही गोष्ट ऐकली आणि विचारले, "आबा, हा वाढदिवस गुरुजींनी दिला. मग तुमचा खरा कुठे गेला?" सगळे हसले. मीही "जा, खेळ" म्हणणार होतो. तेवढ्यात आईचे बोल आठवले, "तू नागपंचमीला झालास, दिवेलागणीला." आईला जाऊन बरीच वर्षे झाली. तिच्या हयातीत मी हे कधी मनावर घेतले नव्हते. दाखल्यातले १९५५ साल खरे धरून जुने पंचांग पाहिले, तर नागपंचमी जुलैच्या उत्तरार्धात आली होती. म्हणजे मी पावणेदोन महिन्यांनी लहान निघालो!

तिथीचा वाढदिवस दरवर्षी सरकतो कसा, हेही नातीला हवे होते. तारीख सूर्याच्या हिशेबाने चालते, तिथी चंद्राच्या. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. म्हणून तिथी दरवर्षी दहा-बारा दिवस आधी येते. नागपंचमी २०२३ मध्ये २१ ऑगस्टला होती, २०२४ मध्ये ९ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये २९ जुलैला. हा फरक साठत गेला, की सुमारे तेहतीस महिन्यांनी अधिक महिना धरून तो भरून काढतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने नागपंचमी पुन्हा १७ ऑगस्टवर जाते. मुलांना सांगण्याजोगी गंमत म्हणजे, तिथीच्या वाढदिवशी आकाशात चंद्राची कोर साधारण तेवढीच असते, जेवढी जन्माच्या दिवशी होती.

त्या नागपंचमीला आम्ही गच्चीवर पाट मांडला. नातीने मला कुंकू लावले, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळून निरांजनाने औक्षण केले. पश्चिमेला मात्र ढग! चंद्र काही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी आकाश उघडले. उसाच्या शेतांवर कोर दिसताच ती म्हणाली, "आबा, काल याचाही वाढदिवस होता ना? बघा, एका दिवसाने मोठा झाला." सत्तर वर्षांत मला हे सुचले नव्हते.

अमेरिकन लेखिका रेचेल कार्सन यांनी १९५६ मध्ये एका लेखात म्हटले होते, की मुलाचे कुतूहल टिकायचे, तर त्याच्यासोबत नवल करणारे निदान एक मोठे माणूस हवे. त्या स्वतः आपल्या भाचीच्या लहान मुलाला घेऊन रात्री समुद्रकाठी जात. आपल्याला समुद्र नसला तरी गच्ची आहे, अंगण आहे. केक आणा, फुगे लावा, त्याला ना नाही. पण पंधरा मिनिटे मुलाशेजारी उभे राहून वर पाहा.

तारीख आणि तिथी १९ वर्षांनी पुन्हा जवळजवळ एकत्र येतात. नातीच्या एकोणिसाव्या वाढदिवशी आमची ओवाळणी एकाच वेळी दोन्हींची होईल. तेव्हा मी असेन वा नसेन, म्हणून तिची तिथी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. तुमच्या घरातही कुणी १ जूनवाले आजी-आजोबा असतील. त्यांच्या आईने त्यांना काय सांगितले होते, ते आजच विचारून घ्या.