तबकडी चांगली म्हणजे काय?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरातून दौंडच्या रस्त्याने निघाले की काही किलोमीटरवर अरणगाव लागते. गावाला लागूनच मेहेराबाद आहे. येथे मेहेरबाबांची समाधी आहे. दरवर्षी ३१ जानेवारीच्या सुमारास देशोदेशींचे लोक येथे येतात. नगर जिल्ह्यातील या ठिकाणाचे नाव जगभरच्या तबकडी-संग्राहकांनाही ठाऊक आहे, असे सांगितले तर आश्चर्य वाटेल. पण ते खरे आहे.

‘द हू’ या इंग्लंडमधील प्रसिद्ध रॉक वाद्यवृंदाचे गिटारवादक पीट टाउनशेंड हे मेहेरबाबांचे अनुयायी. त्यांनी व त्यांच्या मित्रांनी १९७० साली ‘हॅपी बर्थडे’ आणि १९७२ साली ‘आय ॲम’ अशा दोन तबकड्या काढल्या. त्या बाजारासाठी नव्हत्या, अनुयायांपुरत्या मोजक्याच प्रती छापल्या होत्या. पण मागणी एवढी वाढली की अमेरिकेत त्यांच्या चोरट्या नकला विकल्या जाऊ लागल्या. त्यावर उपाय म्हणून टाउनशेंड यांनी १९७२ मध्येच ‘हू केम फर्स्ट’ ही अधिकृत तबकडी प्रसिद्ध केली. आधीच्या तबकड्यांतील काही गाणी तिच्यात पुन्हा आली. पुढे तिच्याही नव्या आवृत्त्या निघाल्या.

म्हणजे गाणे एकच, पण त्याची मूळ प्रत, चोरटी नक्कल, अधिकृत आवृत्ती आणि नंतरची पुनर्प्रकाशने असे चार प्रकार झाले. यांपैकी कोणत्या प्रतीतून गाणे सर्वांत चांगले ऐकू येईल? जुनी ती चांगली, की महाग ती चांगली? संग्राहक या प्रश्नावर तासन्‌तास वाद घालतात आणि त्यावर बराच पैसाही खर्च करतात. हा वाद केवळ आवडीनिवडीचा आहे, की त्यातील काही भाग मोजता येईल? आपण पाहू या.

खाचेतील लाट

तबकडीवर खाच असते, हे सर्वांना माहीत आहे. ‘खाचा’ मात्र नसतात. एका बाजूला एकच सलग खाच असते. ती कडेपासून सुरू होते आणि गोल फिरत मध्याकडे जाते. तिची लांबी विद्यार्थ्यांना काढायला सांगावी. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. एक बाजू २० मिनिटांची असेल तर सुमारे ६६७ फेरे होतात. खाचेची बाहेरची त्रिज्या १४.६ सेंटिमीटर व आतली ६ सेंटिमीटर धरली तर सरासरी त्रिज्या १०.३ सेंटिमीटर येते. त्यावरून खाचेची लांबी सुमारे ४३० मीटर भरते. शाळेच्या ४०० मीटरच्या धावपट्टीपेक्षाही जास्त!

ही खाच इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची असते. तिच्या दोन भिंती नागमोडी असतात. डाव्या बाजूचा आवाज एका भिंतीवर आणि उजव्या बाजूचा दुसऱ्या भिंतीवर कोरलेला असतो. सुई या वळणांवरून जाताना थरथरते आणि त्या थरथरीचे विजेच्या संदेशात रूपांतर होते.

आता आणखी एक गणित. फेऱ्यांचा वेग सर्वत्र सारखा असला तरी सुईखालून खाच सरकण्याचा वेग सारखा नसतो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो, तर आत, शेवटच्या गाण्याजवळ, फक्त २१ सेंटिमीटर. दहा हजार कंपनांचा तीव्र स्वर घेतला तर बाहेर त्याच्या एका लाटेला ५१ मायक्रॉन जागा मिळते आणि आत केवळ २१ मायक्रॉन. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १५ ते १८ मायक्रॉन असते. एवढ्या आखूड लाटांच्या वळणांत हे टोक नीट बसत नाही. म्हणून शेवटच्या गाण्यातील ‘स’, ‘श’ ही अक्षरे किंवा झांजांचा नाद पुष्कळदा फाटल्यासारखा येतो.

चांगल्या पुनर्प्रकाशनांपैकी काही एका तबकडीचा मजकूर दोन तबकड्यांवर पसरून मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या गतीने का छापतात, हे यावरून समजेल. ४५ भागिले ३३⅓ म्हणजे १.३५. प्रत्येक लाटेला ३५ टक्के जास्त जागा मिळते. उलट एका बाजूवर ३० मिनिटे कोंबली, तर खाचेच्या वेढ्यांमधले अंतर कमी होते. मग शेजारचे वेढे एकमेकांत घुसू नयेत म्हणून आवाजाची पातळी कमी ठेवावी लागते आणि सुईची खरखर त्या मानाने मोठी वाटते. तेव्हा तबकडी घेताना वेष्टणावरील मिनिटे मोजणे ही पहिली सोपी परीक्षा.

साच्यांची वंशावळ

गणपतीच्या मूर्तींचा कारखाना पाहिला असेल तर पुढचा भाग सोपा जाईल. साचा नवा असताना मूर्तीची बोटे, दागिने, सोंडेवरील रेषा रेखीव उठतात. शेकडो मूर्ती काढल्यावर त्या बोथट होऊ लागतात. तबकडीचेही असेच आहे.

प्रथम ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा मऊ थर देऊन त्यात खाच कोरतात. या थरावर चांदीचा अतिपातळ लेप देतात. लॅकर विद्युतवाहक नसते, लेपामुळे पृष्ठभाग वाहक होतो. मग विद्युतविलेपनाने त्यावर निकेलचा जाड थर चढवतात. शाळेत तांब्याचा मुलामा देण्याचा प्रयोग आपण करतो, तेच तत्त्व. हा थर सोलून काढला की त्यावर खाचेच्या जागी उंचवटा असतो. याला ‘फादर’ म्हणतात. त्यावरून पुन्हा विलेपनाने ‘मदर’ (खाच खोल) आणि तिच्यावरून ‘स्टँपर’ (खाच उंच) तयार होतो. दोन बाजूंच्या दोन स्टँपरांमध्ये तापवलेल्या विनाइल प्लॅस्टिकचा गोळा ठेवून प्रचंड दाबाने दाबला की अर्ध्या मिनिटाच्या आत तबकडी तयार होते.

येथे वर्गात एक कोडे घालता येईल: लॅकरपासून तबकडीपर्यंत खाच किती वेळा उलटी झाली? चार वेळा. संख्या सम असल्यामुळेच शेवटी खाच पुन्हा खोल मिळते.

एका स्टँपरवर साधारणपणे हजाराच्या आसपास तबकड्या निघतात, मग तो झिजतो. म्हणून एकाच वर्षी, एकाच कारखान्यात निघालेल्या दोन प्रतींतही फरक असू शकतो. शेवटच्या खाचेनंतर लेबलापर्यंत जी मोकळी जागा असते, तिथे बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेले असतात. ही तबकडी कोणत्या कोरणीतून आली, हे त्यावरून बरेचदा कळते. वेष्टण बदलता येते, पण साच्यातून आलेला हा ठसा सहज बदलत नाही. म्हणून जाणकार संग्राहक आधी भिंग काढतो.

पुनर्प्रकाशनाच्या बाबतीत वंशावळ आणखी मागे जाते. नवे लॅकर कशावरून कोरले? मूळ ध्वनिफितीवरून, की तिच्या नकलेवरून? फितीवरून फीत उतरवताना प्रत्येक वेळी फितीच्या स्वतःच्या खरखरीची भर पडते. दोन्ही फितींची खरखर सारखीच असेल तर नकलेत तिची शक्ती दुप्पट होते. तबकडीवरून काढलेल्या चोरट्या नकलेत तर मूळ प्रतीवरील धुळीचे टिकटिक आवाजही नव्या खाचेत कायमचे कोरले जातात. उलट मूळ फीत चांगली राहिली असेल आणि नवी कोरणी काळजीपूर्वक झाली असेल, तर ५० वर्षांनंतरचे पुनर्प्रकाशन पहिल्या छपाईपेक्षा सरस ठरू शकते. तेव्हा जुने ते सोने हा नियम येथे सरसकट लागू होत नाही.

वजन आणि भोक

‘१८० ग्रॅम’ असा शिक्का अनेक महागड्या तबकड्यांवर असतो. साधी तबकडी १२० ते १४० ग्रॅमची असते. जाड तबकडी वाकण्याची शक्यता थोडी कमी, हे खरे. पण खाच पृष्ठभागावर असते आणि तिची खोली दोन्ही तबकड्यांत तेवढीच असते. वजन वाढवल्याने खाचेत अधिक संगीत मावत नाही.

याउलट मधल्या भोकाकडे फारसे कोणी पाहत नाही. भोक केंद्रापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकले असेल, तर आतल्या भागात (त्रिज्या ६० मिलिमीटर) खाचेचा वेग सुमारे ०.८ टक्के वर-खाली होतो आणि त्याबरोबर स्वरही. पेटीतील दोन लगतच्या पट्ट्यांत सुमारे ६ टक्क्यांचे अंतर असते. म्हणजे हा फरक त्याच्या सातव्या हिश्शाएवढा. तो दर १.८ सेकंदांनी डोलतो. झटपट चालीच्या गाण्यात तो लपून जाईल, पण तंबोऱ्याच्या स्थिर षड्‌जावर तो लगेच जाणवतो. आपल्या अभिजात संगीताच्या संग्राहकाने आधी भोक तपासावे ते यासाठी.

आपल्याकडील जुन्या मुद्रणांच्या पुनर्प्रकाशनात आणखी एक अडचण येते. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून पुढे काही दशके तबकड्या लाखेच्या होत्या. त्यांना आपण सरसकट ‘७८ च्या’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात मुद्रणाची गती नेमकी ७८ असेच असे नाही. ७४ च्या गतीने मुद्रित केलेले गाणे ७८ ने वाजवले तर स्वर ५.४ टक्क्यांनी चढतो, म्हणजे जवळजवळ एक पट्टी. काळी दोनमध्ये गाणारा गायक चुकीच्या पट्टीत ऐकू येतो आणि नवी पिढी तोच त्याचा आवाज समजते. अशा बाबतीत जुन्या प्रती जपणाऱ्या संग्राहकांचे काम मोलाचे ठरते. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने व पदार्थविज्ञानाचे अभ्यासक असलेल्या सुरेश चांदवणकर यांनी अशा नोंदी चिकाटीने जमवल्या आहेत.

कानावर किती विश्वास ठेवावा?

अमेरिकेतील ‘मोबाइल फिडेलिटी’ ही कंपनी उच्च दर्जाच्या पुनर्प्रकाशनांसाठी प्रसिद्ध आहे. तिच्या तबकड्या मूळ फितीवरून थेट कोरलेल्या आहेत, मध्ये संगणकीय (डिजिटल) टप्पा नाही, असा ग्राहकांचा समज होता. म्हणूनच त्या इतक्या ‘जिवंत’ वाटतात, असे अनेक जाणकार सांगत. जुलै २०२२ मध्ये कंपनीच्या तंत्रज्ञांनीच उघड केले की २०११ पासूनच्या अनेक तबकड्यांत डिजिटल टप्पा होता. मोठी खळबळ उडाली, प्रकरण न्यायालयात गेले.

यातून काय शिकावे? त्या तबकड्या वाईट होत्या असे नव्हे. त्या चांगल्याच ऐकू येत होत्या. चुकीचे होते ते चांगल्या आवाजाचे सांगितलेले कारण. वेष्टणावर काय लिहिले आहे हे माहीत असले की कान तेच ऐकू लागतात.

यावर उपाय वर्गातही करून पाहता येतो. एकाच गाण्याच्या दोन प्रती घ्या. तबकडी नसेल तर भ्रमणध्वनीवर एकाच ध्वनिफाइलच्या मोठ्या व छोट्या आकाराच्या दोन आवृत्त्या चालतील. दोन्हींची पातळी अगदी सारखी करा, कारण किंचित मोठा आवाज नेहमी ‘चांगला’ वाटतो. आधी दोन्ही ओळखीच्या होईपर्यंत ऐकवा. मग एका विद्यार्थ्याने पडद्याआड नाणे उडवून छाप आली तर पहिली आणि काटा आला तर दुसरी प्रत वाजवावी. ऐकणाऱ्याने कोणती ते लिहावे. असे दहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का. एखाद्याने नऊ ओळखली तर त्याला फरक खरोखर ऐकू येतो असे मानायला जागा आहे. पाच-सहा ओळखली तर तसे म्हणता येणार नाही.

या परीक्षेचा निकाल काहीही लागो, मेहेराबादला येणाऱ्या एखाद्या वृद्ध पाहुण्याने १९७० ची ती तबकडी घरी जपून ठेवली असेल तर तिचे मोल त्याच्यासाठी कमी होणार नाही. ते मोल आठवणीचे आहे, त्याला मोजपट्टी लावण्याचे कारण नाही. पण ‘ही प्रत अधिक चांगली वाजते’ असे कोणी म्हणाले, तर ते विधान तपासता येते. त्यासाठी भिंग, फूटपट्टी, थोडे गणित आणि एक नाणे पुरेसे आहे.