मणक्यातली गादी आणि वीस लिटरचा जार

पाणीवाला जार दाराबाहेर ठेवून निघून गेला होता. पुतणी सकाळी नऊपासून दिवाणावर मांडी घालून बसलेली, पुढ्यात उशी, उशीवर लॅपटॉप. साडेबाराला मीटिंग संपली तशी ती उठली, तडक दाराकडे गेली, वाकून जार उचलला आणि तिथेच थबकली. धड वाकता येईना, धड सरळ होता येईना. कंबरेत उसण भरली होती. पुढचे चार दिवस ती भिंतीला हात लावत घरात फिरत होती. घरातल्या सगळ्यांनी दोष जारला दिला. मला मात्र जारच्या आधीचे साडेतीन तास जास्त महत्त्वाचे वाटतात.

२०२०च्या टाळेबंदीत ऑफिस घरी आलं, ऑफिसची खुर्ची तिकडेच राहिली. पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरांत कुणी जेवणाच्या टेबलावर, कुणी पलंगावर, कुणी ओट्याच्या कडेला उभं राहून काम केलं. आजही आठवड्यातले दोन-तीन दिवस कितीतरी जण असंच काम करतात. पाठ भरून यायला लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, खुर्ची कुठली घेऊ? पण त्याआधी ज्याच्यावर आपण बसतो तो कणा समजून घ्यायला हवा.

मणक्यांच्या मधल्या चकत्यांना आपण गादी म्हणतो आणि शब्द अगदी चपखल आहे. अशा २३ गाद्या आपल्या कण्यात असतात. बाहेर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी चिवट तंतूंची वलयं, आत पाण्यानं भरलेला मऊ गर. मोठ्या माणसाच्या गादीत जवळजवळ रक्तवाहिन्याच नसतात. तिला लागणारं सगळं वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपत येतं. दिवसभर अंगाचा भार पडला की गादीतलं पाणी हळूहळू बाहेर जातं, रात्री आडवं झालं की परत शोषलं जातं. त्यामुळे सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक टक्का, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर जास्त भरते. यातली निम्म्याहून अधिक वाढ उठल्यावर पहिल्या तासाभरातच ओसरते. सकाळी गादी टम्म फुगलेली असते, म्हणून उठल्या उठल्या खाली वाकून जड काही उचलणं तिला सोसत नाही.

गादीत दाब किती असतो, हे मोजायला माणसं स्वतःच्या पाठीत सुई घेऊन बसली आहेत. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात हे काम सुरू केलं. उभं राहण्यापेक्षा आधाराविना बसल्यावर गादीवर जास्त दाब येतो, हा त्यांचा निष्कर्ष पुढे कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिला. १९९९मध्ये जर्मनीतल्या उल्म शहरातले हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या साधनानं पुन्हा मोजमाप प्रसिद्ध केलं. पंचेचाळिशीतल्या, सत्तर किलो वजनाच्या एका अस्थिरोगतज्ज्ञाच्या कंबरेतल्या गादीत त्यांनी दाबमापक बसवला आणि साधारण दिवसभर तो बसताना, उठताना, चालताना, झोपताना नोंदी घेतल्या. उभं असताना दाब निघाला ०.५ मेगापास्कल, कारच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त. आधाराविना सैल बसल्यावर जवळपास तेवढाच. आणि खुर्चीत मागे रेलून, पाठ टेकून ऐसपैस बसल्यावर ०.३च्याही खाली! लहानपणापासून ‘ताठ बस’ ऐकत आलेल्या मला हा आकडा वाचून फार बरं वाटलं. एकाच माणसाची ही मोजणी आहे, हे खरं. तरी बसणं हेच मुळात घातक, ही भीती ती बरीच कमी करते.

तोच माणूस बसल्या जागी पूर्ण पुढे वाकला तेव्हा मात्र दाब ०.८३पर्यंत गेला. आणि पाठीची कमान करून २० किलो वजन उचललं तेव्हा २.३. गुडघ्यांत वाकून तेच वजन उचललं तर १.७. वीस लिटरच्या जारमधल्या पाण्याचं वजन वीस किलोच असतं.

आता त्या साडेतीन तासांकडे वळू. पाठ गोल करून माणूस बसून राहिला की कण्यामागचे अस्थिबंध हळूहळू ताणले जातात. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी १९९२मध्ये दाखवून दिलं की पूर्ण वाकून वीस मिनिटं बसल्यावर कण्याचा ताठरपणा बराच उतरतो. उठून दोन मिनिटं गेली तरी त्यातला निम्माच परत येतो. म्हणजे मीटिंग संपवून माणूस उठतो तेव्हा त्याची पाठ थोडा वेळ ढिली असते आणि नेमकी त्याच वेळी घरातली कामं हाक मारतात. जार, गॅस सिलिंडर, धुण्याची बादली, रडणारं मूल. ऑफिसात उठल्यावर माणूस चहाच्या मशीनपर्यंत चालत जातो. घरात तेवढं अंतरच नसतं. उचलण्याआधी दोन-तीन मिनिटं या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

लॅपटॉपची अडचण त्याच्या रचनेतच आहे. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणला की हात वर जातात, हात खाली ठेवले की मान खाली जाते. चार-पाच किलोचं डोकं मग मान आणि पाठीचे स्नायू तासन् तास पेलत राहतात. कीबोर्ड आणि माऊस वेगळे घेतले तर ही गाठ सुटते. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं किंवा दोन स्टीलचे डबे ठेवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येऊ द्या. जेवणाची खुर्ची उंच असेल आणि पाय लोंबत असतील तर खाली जेवणाचा पाट ठेवा. कंबरेमागे पंच्याची गुंडाळी चालते. फोन आला की उठून चालत बोला. पाण्याची मोठी बाटली जवळ ठेवू नका, फुलपात्र घ्या, म्हणजे दर अर्ध्या-पाऊण तासानं स्वयंपाकघरात जावंच लागेल. मांडी घालून बसणं वाईट नाही. तीन तास तीच मांडी, हे वाईट.

महागड्या खुर्चीवर किंवा कंबरपट्ट्यावर पैसे घालण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. पाठदुखी टाळण्यावरचे प्रयोग एकत्र तपासले गेले तेव्हा पट्टे आणि बुटांतल्या गाद्या यांचा उपयोग दिसला नाही. व्यायामाचा दिसला. २०२४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे नुकतेच पाठदुखीतून बरे झालेले. त्यातल्या निम्म्यांना हळूहळू वाढवत नेलेला चालण्याचा कार्यक्रम आणि फिजिओथेरपिस्टचं मार्गदर्शन दिलं. त्यांची पाठ पुन्हा दुखायला लागेपर्यंतचा मध्यक काळ २०८ दिवस निघाला, बाकीच्यांचा ११२. साधं चालणं, तेही फुकट!

एमआरआयची घाईही नको. पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांच्या एमआरआयमध्येही साधारण ३७ टक्क्यांत गादीची झीज दिसते. ‘गादी सरकली’ हे शब्द ऐकून माणूस हलायलाच घाबरतो आणि तिथून दुखणं लांबत जातं. पायातली ताकद कमी होणं, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा तिच्यावरचा ताबा जाणं, पाठदुखीसोबत ताप, वजन घटणं, मोठी पडझड, यांतलं काही असेल तर मात्र एक दिवसही न थांबता डॉक्टरांकडे जा.

पुतणी आता टेबलाशी बसते, पायाखाली आजीचा शिसवी पाट. जार आला की ती आधी गच्चीच्या जिन्यापर्यंत जाऊन येते. मग तांब्यानं निम्मं पाणी कळशीत काढते आणि गुडघ्यांत वाकून, पोटाशी धरून, अर्धा जार आत आणते.