सातव्या महिन्याची ओटी

आखाडा बाळापूरच्या पंचक्रोशीत सुनेला सातवा लागला की दोन घरांत बोलणी सुरू होतात. ओटी सासरी भरायची आणि मग माहेरी न्यायचं, की माहेरच्यांनीच साडी-चोळी घेऊन इकडे यायचं? मांडव अंगणात घालायचा की कार्यालय घ्यायचं? गाव हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं, म्हणजे पाहुणे दोन्हीकडून येणार. मग फुगेवाला, फोटोवाला, आचारी, सजवलेला झोपाळा. या धांदलीत जिचं डोहाळजेवण आहे तिला सलग किती वेळ बसवतं, हे विचारायचं राहून जातं. माझ्या मते आखणीची सुरुवात त्याच प्रश्नापासून व्हावी.

पूर्वी हे तसंच होतं. चांदण्यातलं, बागेतलं, नावेतलं अशी डोहाळजेवणं व्हायची, ती तिची हौस म्हणून. आपल्याकडे नदीत नाव कुठली, पण मळा आहे. थंडीत हुरड्याच्या दिवसांत आंब्याखाली चार घरच्या बायका, धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि वर पुरणपोळी, एवढ्यावर कार्यालयापेक्षा देखणा कार्यक्रम होतो. चैत्र-वैशाखात दिवस येत असेल तर मात्र दुपारचा मुहूर्त सरळ नाकारावा. मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याच्या मांडवाखाली भरजरी शालू नेसून तीन तास बसणं हा छळ आहे. संध्याकाळ धरावी, सुती साडी नेसवावी. फुलांचे दागिने हलके असतात, तेवढी हौस पुरे. पाठीला टेकण असलेली खुर्ची हवी, पाय टेकवायला पाट हवा आणि बाथरूम जवळ हवी. शेवटची गोष्ट कुठल्याच यादीत नसते.

तिला जेवायला पहिल्या पंगतीत बसवा. ओटी भरून होईस्तोवर तिने काही खायचं नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. या महिन्यांत पोट फार वेळ रिकामं ठेवू नये.

डोहाळ्यांचा मान जुना आहे. सीमंतोन्नयन हा संस्कार गृह्यसूत्रांत सांगितलेला आहे. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा गंध येतो असं वर्णन केलं, आणि राजा दिलीप त्या गंधाने हरखतो. काव्यात ते शोभतं. घरातली सून चोरून भाजकी माती, खडू नाहीतर कच्चे तांदूळ खात असेल तर कौतुक करत बसू नये, आधी हिमोग्लोबिन तपासावं. असे डोहाळे आणि रक्तातली लोहाची कमतरता पुष्कळदा जोडीने आढळतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याच्या आसपास गर्भवती रक्तक्षयी निघाल्या. म्हणून तर गरोदरपणात लोह-फॉलिक ॲसिडच्या १८० गोळ्या सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतात. ही गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली की तिचा गुण उतरतो. पंगत उठली की लगेच चहाचा ट्रे फिरवायची आपली पद्धत आहे. त्या दिवशी तिच्या हातात कपाऐवजी लिंबूपाणी द्या.

गोडाचंही तसंच. जो येतो तो तिच्या तोंडात पेढा कोंबतो. गरोदरपणातल्या मधुमेहासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर तो धरतात. या तपासणीला उपाशीपोटी जावं लागत नाही. २४ ते २८ आठवड्यांत, म्हणजे ओटीच्या आधीच, ती उरकून घ्यावी. मग घास भरवणाऱ्यांना किती आवरायचं ते ठरवता येतं.

बर्फी-पेढ्याच्या खेळाबद्दल बोलायलाच हवं. दोन वाट्या झाकून ठेवायच्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळ निरागस, पण बर्फी निघाल्यावर मांडवातल्या काही चेहऱ्यांवर जे उमटतं ते निरागस नसतं. २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या आणि आपल्याच मराठवाड्यातल्या बीडमध्ये ८०७. लिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने कायदा केला. देशाचा कायदा १९९४चा. अमेरिकेत सोनोग्राफीचा निकाल केक कापून, रंगीत धूर सोडून जाहीर करायची टूम निघाली. २०२०मध्ये कॅलिफोर्नियात अशाच धुराच्या नळकांड्याने जंगल पेटलं आणि आग विझवणारा एक जवान दगावला. तिथे तो समारंभ आहे, इथे तो निकाल सांगणंसुद्धा गुन्हा. गुलाबी-निळ्या फुग्यांचं पॅकेज सजावटवाल्याने दाखवलं तर झेंडूची तोरणं लावायला सांगा. आणि खेळ हवाच असेल तर दोन्ही वाट्यांत बर्फी ठेवा.

आता ओटी. खण, नारळ, तांदूळ नाहीतर गहू, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, पाच फळं. आपला जिल्हा हळदीचा, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं, तेव्हा हळकुंडं तरी ठसठशीत असावीत. पदर पुढे धरून ती बसते, पाच बायका ओंजळीने भरतात. या पाच कोण, हे ठरवताना घरातली विधवा आत्या आणि मूल नसलेली जाऊ वगळली जाते. बाळंतपणात रात्री उशाशी जागायला याच दोघी असतात, ओटीला मात्र चालत नाहीत! हा नियम मोडायला कुणाची परवानगी लागत नाही. सासूने हात धरून पुढे आणलं की झालं.

अंगणवाडीतही ओटी भरतात. पोषण अभियानातून गर्भवतींसाठी हे कार्यक्रम होतात, आणि तिथे ताटात मेथी, शेवगा, मोड आलेली मटकी, अंडी, शेंगदाणा-गुळाचा लाडू मांडलेला दिसतो. घरच्या समारंभाने उचलावं असं ते ताट आहे. शिवाय तिथे कागदाचीही बोलणी होतात. पहिलटकरणीला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पाच हजार रुपये दोन हप्त्यांत मिळतात आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे; न्यायला-आणायला १०२ची गाडी आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नेलंच पाहिजे, म्हणजे कारखान्याच्या गावी लस आणि तपासणी अडत नाही. ओटीत एकशे एक रुपयांचं पाकीट घालणाऱ्यांनी या कार्डाची चौकशी केली तर पाकिटाहून मोठा आहेर होईल.

तारीख ठरवताना पंचांग जरूर पाहा. फक्त कुठल्याही महिन्याची नऊ तारीख घेऊ नका. त्या दिवशी सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, तिला तिथे जायचं आहे.