हिरवळ मेली की झोपली?

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही मराठवाड्यातल्या एका शाळेत गेलो होतो. इमारतीसमोर २० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद हिरवळ होती. खरे तर पूर्वी होती. आता तिथे वाळलेल्या गवताची तपकिरी ठिगळे आणि अधूनमधून उघडी, टणक जमीन दिसत होती. मुख्याध्यापक म्हणाले, "शिपाई रोज संध्याकाळी पाणी मारतात, तरी ही अवस्था. जूनमध्ये सगळं उकरून नवं लॉन लावावं म्हणतो. पण सर, पाणी कुठून आणू? मुलांना प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येतं."

इथे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. गवत तपकिरी होणे ही एक गोष्ट, जमीन उघडी पडणे ही दुसरी.

आधी तपकिरी भागाकडे पाहू. आपल्याकडच्या बहुतेक हिरवळी हरळीच्या असतात, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्या. शेतकऱ्याला विचाराल तर तो हरळीच्या नावाने कपाळावर हात मारील. भर उन्हाळ्यात खोल नांगरून तिच्या काशा वेचून काढाव्या लागतात. एखादे पेर मातीत राहिले तरी पावसाळ्यात पुन्हा हरळी हजर! शेतात जी तिची खोड, तीच शाळेच्या अंगणात आपली ठेव. पाणी तुटले की हरळी पाने वाळू देते, पण जमिनीतली खोडे आणि त्यांच्या पेरांवरचे डोळे जिवंत ठेवते. हे झोपणे आहे, मरणे नव्हे.

खात्री करून घ्यायची असेल तर विद्यार्थ्यांकडून एक सोपा प्रयोग करवून घ्या. तपकिरी भागातला वीतभर लांब-रुंद तुकडा मुळांसकट खणून कुंडीत लावा आणि दहा-बारा दिवस माती ओलसर ठेवा. हिरवे कोंब फुटले तर त्या भागाला नवे गवत लावायची गरजच नाही. आम्ही त्या शाळेत असे चार तुकडे घेतले. तिघांना कोंब आले.

हरळीचा हा चिवटपणा तिच्या पानातही आहे. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर काम करून प्रकाशसंश्लेषणाची जी वेगळी वाट मांडली, तीच हरळीची, ज्वारीची आणि मक्याची. या वाटेने जाणारी वनस्पती कार्बन डायऑक्साइड इतक्या कार्यक्षमतेने पकडते की पर्णरंध्रे फार उघडी ठेवावी लागत नाहीत. त्यामुळे तेवढेच वजन वाढवायला तिला गहू-भाताच्या मानाने सुमारे निम्मे पाणी पुरते. मात्र तिला भरपूर ऊन लागते. झाडाच्या दाट सावलीत हरळी विरळ होते, ती पाण्याअभावी नव्हे. तिथे खटपट न करता पालापाचोळा पसरून द्यावा.

आता उघड्या जागा. आम्ही त्यांचा नकाशा काढायला सांगितला, तेव्हा आठवीतल्या एका मुलीच्या चटकन लक्षात आले: सर्वात मोठा पट्टा पाण्याच्या नळापासून फाटकापर्यंत तिरपा गेला होता. मुलांची रोजची वाट! पायांच्या दाबाने मातीच्या कणांमधल्या पोकळ्या मिटतात. मग पाणी आत शिरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि खोडांना पसरायला जागा उरत नाही. हे मोजता येते. दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा दोन-तीन सेंटिमीटर जमिनीत रोवा, त्यात एक पेलाभर पाणी ओता आणि ते जिरायला लागलेला वेळ घड्याळाने मोजा. (कापलेल्या कडा हाताला लागतात, त्या आधी ठोकून बोथट करा.) गवताच्या जागी पाणी चार मिनिटांत जिरले, वाटेवर अर्ध्या तासानंतरही डबा भरलेलाच होता. अशा जमिनीवर कितीही पाणी मारले तरी त्यातले पुष्कळसे वाहून जाणार किंवा उडून जाणार.

पाण्याचा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपली हिरवळ ३०० चौरस मीटरची. मे महिन्यात तिला हिरवी ठेवायला रोज ५ मिलिमीटर धरले, तर दिवसाला १,५०० लिटर आणि तीन आठवड्यांत ३१,५०० लिटर पाणी लागेल. झोपलेल्या हरळीला नुसते जिवंत ठेवायचे असेल तर तीन आठवड्यांतून एकदा १२ मिलिमीटर, म्हणजे ३,६०० लिटर पुष्कळ झाले. जुनी, खोल मुळांची हरळी तेवढ्याशिवायही तगते. बांधावरच्या हरळीला कोण पाणी घालते? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वेगाडी आली, तिच्यात ५ लाख लिटर पाणी होते. आपल्यासारख्या ३३३ हिरवळी ते एका दिवसात पिऊन टाकतील! त्याच महिन्यात मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे पुढचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले होते. टँकरवर जगणाऱ्या शाळेने मे महिन्यात हिरवळ हिरवी ठेवण्याचा हट्ट धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती तपकिरी दिसली तर दिसू द्यावी.

रोज थोडे थोडे शिंपडणे तर सर्वात वाईट. वरची बोटभर माती भिजते, मुळे तिथेच रेंगाळतात आणि दुपारी ती माती तापते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असले तर ते उडून जाताना क्षार मागे ठेवते; जमिनीवर पांढुरके पापुद्रे दिसू लागतात. द्यायचेच तर क्वचित पण भरपूर द्यावे, पहाटे द्यावे आणि दुसऱ्या दिवशी खुरप्याने उकरून ओल वीतभर खोल गेली का ते पाहावे. उन्हाळ्यात गवत अगदी बुडापासून कापू नये. मुळांना अन्न पानांकडूनच मिळते. पाने खुडली की मुळेही आखडतात.

खरी दुरुस्ती पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी. माती ओली पण चिकट नाही अशा वेळी उघड्या जागी कुदळीने वीतभर खणावे आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. काळ्या मातीत थोडीशी वाळू घालण्याचा सल्ला बरेचजण देतात. तो मानू नये, चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की ती आणखीच घट्ट बसते. मग तीन-चार पेरांचे हरळीचे तुकडे वीतभर अंतरावर लावावेत, दोन पेरे मातीत आणि शेंडा बाहेर. तुकडे विकत आणायची गरज नाही. शेजारचा शेतकरी आनंदाने देईल. फक्त त्यांच्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठी येत नाहीत ना, हे पाहावे. दीड-दोन महिने त्यावर पाय पडू देऊ नये.

त्या शाळेने जूनच्या शेवटी एवढेच केले. गणपतीपर्यंत बरेचसे अंगण भरून आले. नळापासून फाटकापर्यंतचा पट्टा मात्र मुलांनी पुन्हा तुडवला. दिवाळीच्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी तिथे शहाबादी फरश्या टाकून घेतल्या.