दुचाकीस कोणता रस्ता मानवतो?

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना निघाला, तेव्हापासून छत्रपती संभाजीनगर हे दुचाकींचे माहेरच झाले आहे. परंतु त्यांस रस्ता कोणता मानवतो? डांबरी रस्ता चाकास मऊ लागतो खरा. पण त्याखालील मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि डांबर भेगाळून खड्डे पडतात. सिमेंटचा रस्ता अधिक टिकतो. तथापि दोन पट्ट्यांमधील जी उभी फट मोटारीस जाणवतही नाही, तीच दुचाकीचे चाक धरून स्वारास पाडते. म्हणून डांबर की सिमेंट, हा वाद आम्ही गौण मानतो. सांधे बुजविलेले असणे हेच महत्त्वाचे होय. मुलांच्या हाती गाडी देताना वडीलधाऱ्यांनी हेल्मेटाबरोबर एवढेही बजवावे: फटीस समांतर जाऊ नये, वेग कमी करून ती शक्य तितकी आडवी ओलांडावी.