पुस्तकांचा वारस कोण?

खात्याचे नामनिर्देशन करण्यासाठी जबलपूरच्या आमच्या शाखेत आलेले एक ज्येष्ठ मराठी ग्राहक अर्जावर सही करून हसत म्हणाले, "पैशाची सोय झाली, आता माझ्या पुस्तकांना वारस कोण?" त्यांच्या घरी मराठी ग्रंथांची दोन कपाटे आहेत. नात घरात मराठी बोलते; परंतु तिचे शिक्षण हिंदीतून झालेले. लिपी देवनागरीच असल्याने ती पान वाचू शकते. मात्र ‘ळ’पाशी अडखळते आणि ग्रांथिक मराठीचा अर्थ हातातून निसटतो.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. १७९८ ते १८१७ या काळात जबलपूरवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती. त्यामुळे अनेक मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या रुजली. त्यांच्या मुलांना अक्षरे परिचयाची आहेत, उणीव आहे ती ऐकण्याची. अशा मुलांच्या हाती पुस्तक देऊन भागत नाही. ते त्यांना वाचून दाखवावे लागते. ग्रंथालयातील सांस्कृतिक कार्यक्रमांचे खरे प्रयोजन हेच होय.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी अखेरचे सूत्र ग्रंथालयाला वर्धिष्णू संस्था मानते. ही वाढ केवळ ग्रंथसंख्येची नव्हे, ती माणसांच्या सहवासाचीही असावी. जबलपूरच्या टाऊन हॉलवर राष्ट्रीय ध्वज फडकविण्यावरून पेटलेला झेंडा सत्याग्रह १९२३ मध्ये नागपूरला पोहोचला. पुढे हीच वास्तू ‘गांधी भवन’ या नावाने ग्रंथालय म्हणून ओळखली जाऊ लागली. सभा आणि ग्रंथ यांचे नाते या शहराला नवे नाही.

त्या सत्याग्रहात सहभागी झालेल्या कवयित्री सुभद्राकुमारी चौहान जबलपूरच्याच. मराठी तांबे कुळात जन्मलेल्या झाशीच्या राणीला त्यांच्या कवितेने हिंदी भाषकांच्या घराघरांत नेले. एका भाषेची थोरवी दुसरीने गावी, हाच सामंजस्याचा पाया. मग ग्रंथालयात महिन्यातून एक संध्याकाळ जबलपूरचे हरिशंकर परसाई आणि आपले पु. ल. देशपांडे शेजारी शेजारी का वाचले जाऊ नयेत? भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे पृष्ठ सजविणारे जबलपूरचे चित्रकार ब्यौहार राममनोहर सिन्हा यांच्या कलेवर एखादे सचित्र व्याख्यान का होऊ नये? यासाठी मोठा निधी लागत नाही. एक खोली, काही खुर्च्या आणि ठरलेली तारीख न चुकविणारे चार कार्यकर्ते पुरेसे असतात.

नामनिर्देशित व्यक्ती ही ठेवीची विश्वस्त असते, मालक नव्हे, हे आम्ही ग्राहकांना नेहमी सांगतो. ग्रंथालयही पुस्तकांचे असेच विश्वस्त आहे. त्यांचा खरा वारस म्हणजे ती ऐकणारा आणि पुढे वाचणारा माणूस. आपण ग्रंथालयाला पुस्तके अवश्य द्यावीत; परंतु त्यांच्यासोबत आपली एक संध्याकाळ आणि नातवंडाचे बोटही द्यावे, ही विनंती.