मालवण किनाऱ्यावरील स्त्रियांची पत

मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव ज्यानें एकदां पाहिला आहे, त्याला कोंकणची स्त्री व्यवहारांत कच्ची आहे असें कोणी सांगूं लागल्यास हसूंच येईल. होडी वाळूला लागते न लागते तोंच पाट्या घेऊन बायका पुढें सरसावतात. बांगडा किती, सुरमई किती, बाजारांत आज काय भाव निघेल, याचा हिशेब बोटांवर होऊन बोली लागते. संध्याकाळपर्यंत बराच पैसा त्यांच्या हातांतून येतो आणि जातो. परंतु याच बाईला पांच हजार रुपये कर्जाऊ हवे असले, तर तिनें कोठें जावें? घर बहुधा नवऱ्याच्या नांवावर, जमीन सासऱ्याच्या, होडी दिराच्या. तारण ठेवण्याजोगें तिच्यापाशीं कांहीं असेल, तर तें गळ्यांतलें. हातीं पैसा खेळतो, पण पत नाहीं, अशी ही विलक्षण स्थिति आहे. आणि बचत गट नांवाची जी चळवळ गेल्या तीस-पस्तीस वर्षांत खेडोपाडीं पसरली, तिचें मर्म नेमकें येथेंच आहे.

रोख पैसा वेळेवर नसला म्हणजे काय होतें, हें कोकमाच्या उदाहरणावरून चांगलें कळतें. रातांबे पिकतात ते चैत्र-वैशाखांत. फळ फोडून, सालीला त्याच्याच रसाचीं पुटें देत उन्हांत वाळविलें, कीं आमसूल तयार होतें व वर्षभर टिकतें. परंतु याच सुमारास पावसाळ्याची बेगमी करावयाची असते, मुलांच्या शाळेचा खर्च तोंडावर असतो, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असल्यामुळें दर्यावरची मिळकतहि आटते. मग बाई काय करते? रातांबे कच्चेच, व्यापारी देईल त्या भावानें देऊन टाकते. आमसूल करण्याची कला तिला अवगत नसते असें नव्हे. थांबण्याची ऐपत नसते, एवढेंच. दोन-तीन महिने थांबतां यावें इतकी रक्कम तिला मिळाली, तर फळाचा नफा तिच्या घरांत राहतो.

ही रक्कम गट कशी उभी करतो, तें पाहूं. दहा ते वीस स्त्रिया एकत्र येतात. समजा, बारा जणींनीं दरमहा शंभर रुपये टाकले. सहा महिन्यांत ७,२०० रुपये जमतात. त्यांतून एकीनें ५,००० रुपये दरमहा शेकडा दोन व्याजानें उचलले आणि दरमहा ५०० रुपये फेडीत गेली, तर पहिल्या महिन्यास व्याज १०० रुपये, दुसऱ्यास ९०, असें उतरत उतरत दहाव्या महिन्यास अवघे १०. एकूण व्याज ५५० रुपये. हीच रक्कम सावकारानें शेकडा पांच दरानें, मुद्दल कायम धरून दिली असती, तर दहा महिन्यांचें व्याज २,५०० झालें असतें. शाळेंतलें व्याजाचें गणित ज्यांनीं कंटाळून सोडविलें असेल, त्यांनीं हें एकवार पुन्हां करून पाहावें. शिवाय ते ५५० रुपये गांवाबाहेर जात नाहींत. ते बाराहि जणींचे. शहरांतील भगिनींना भिशी ठाऊक आहे. पण भिशी फिरून संपते. गटाची शिल्लक वाढत जाते, आणि तिच्या जोरावर बँकेचें दार उघडतें.

हें दार अधिकृत रीतीनें १९९२ सालीं उघडलें. त्या वर्षीं नाबार्डनें गट व बँका जोडण्याची योजना हातीं घेतली. सहा महिने बैठका, बचत व परतफेड नियमित झाल्याचें वहीवरून दिसलें, म्हणजे बँक तारणावांचून गटाला कर्ज देऊं शकते. महाराष्ट्रांत १९७५ सालीं स्थापन झालेलें महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचें 'उमेद' अभियान यांनीं हें काम गांवोगांव नेलें.

मालवणच्या दक्षिणेस वेंगुर्ले आहे. तेथील 'स्वामिनी' नांवाच्या गटांतील स्त्रियांनीं २०१७ सालीं मांडवी खाडींत कांदळवनाची सफर सुरू केली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानें सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर सागरी जीवसृष्टीच्या रक्षणाची योजना चालली होती, तिचें पाठबळ त्यांना लाभलें. कोळी घरांतल्या या बायका स्वतः वल्हें मारून पाहुण्यांना खाडींत नेतात. चिखलांतून वर डोकावणारीं तिवराचीं श्वसनमुळें, झाडावर असतांनाच रुजणारें कांदळाचें बीं, हें सारें पाहण्यास लोक दुरून येतात. ज्या खाडीकडे कालपर्यंत सरपण आणि चिखल यांपलीकडे कोणी पाहत नसे, ती त्यांच्या मिळकतीचें साधन झाली. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. नुसत्या कर्जानें हें झालें नाहीं. शिक्षण मिळालें, होडी मिळाली, येणारें गिऱ्हाईक मिळालें. आणि मुख्य म्हणजे दरमहा एकत्र बसून हिशेब करण्याची संवय अंगवळणीं पडलेली होती.

सबलीकरण हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे, म्हणून दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. हैदराबादेसह सहा देशांतील ठिकाणीं छोट्या कर्जांची जी शास्त्रीय पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. कर्जामुळें कांहीं धंदे वाढले. परंतु घरांतील निर्णयांत स्त्रीचा शब्द त्यामुळें वजनदार झाला, असें सहसा आढळलें नाहीं. आंध्र प्रदेशांत तर २०१० सालीं खासगी कंपन्यांच्या वसुलीचा जाच इतका वाढला, कीं सरकारला वटहुकूम काढावा लागला. बचतीवांचून, ओळखीवांचून, केवळ आठवड्याच्या हप्त्यावर दिलेलें कर्ज आणि गटानें स्वतःच्या शिल्लकेंतून दिलेलें कर्ज, दोन्ही 'लहान'च. पण त्यांची जात निराळी. त्यांतहि पुष्कळदां सही बाईची आणि पैसा नवऱ्याच्या खिशांत, असा प्रकार घडतो. तेव्हां हप्ता मात्र तिच्या गळ्यांत पडतो.

हें ओळखण्याचें एक साधें साधन गटापाशींच आहे. कर्जाच्या वहींत रक्कम व तारीख यांच्या शेजारीं कारण लिहिण्याचा रकाना असतो. तेथें कोणी 'रातांबे खरेदी' लिहिते, कोणी 'मासळी सुकविण्याच्या जाळ्या', कोणी 'मुलीची फी'. कोणी 'घरखर्च' एवढेंच लिहून खालीं मान घालते. आणि जाणती अध्यक्षा असली, तर बैठक उठल्यावर तिला जरा मागें थांबवून घेते.